गो, वेंट आणि आपलं ‘गेला’

प्रश्न : मुलगी सहावीत आहे. वॉकचं वॉक्ड, टॉकचं टॉक्ड होतं, तर गोचं ‘गोड’ का नाही, वेंटच का, असं तिनं विचारलं. ‘पाठ कर’ याखेरीज मला काही सांगता आलं नाही. याला काही कारण आहे का?

उत्तर : आहे. आणि मुलीचं चुकलं असलं तरी डोकं बरोबर चाललंय. इंग्रजांच्या घरची पोरंसुद्धा बोलायला लागली की काही दिवस ‘गोड’च म्हणतात.

वेंट हे मुळात गोचं रूपच नव्हे. ते दुसऱ्या घरून दत्तक आलेलं. वेंड असं वेगळं क्रियापद होतं. अर्थ वळणं, वाट धरणं. सेंडचं सेंट, बेंडचं बेंट, तसं वेंडचं वेंट. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत गोचा भूतकाळ ‘एओदे’ होता, आणि गंमत म्हणजे तोही परक्याच धातूचा. पुढे तो मागे पडला नि पंधराव्या शतकापर्यंत दक्षिण इंग्लंडात त्याची जागा वेंटनं घेतली. स्कॉटलंडात मात्र लोकांनी गोच्या तिथल्या ‘गे’ या रूपाला सरळ शेपूट जोडून ‘गेड’ केलं, म्हणजे तुमच्या मुलीचंच व्याकरण! बिचाऱ्या वेंडला स्वतःसाठी ‘वेंडेड’ असा नवा भूतकाळ शोधावा लागला.

मग ही वेडीवाकडी रूपं कुणी सरळ का केली नाहीत? कारण ती दिवसातून शंभरदा कानांवर पडतात. कमी वापरातली रूपं विसरली जातात आणि सरळ होतात, रोजची टिकतात. म्हणून तक्ता घोकण्यापेक्षा ‘काल मी बाजारात गेले’ अशी पाच-सहा वाक्यं तिच्याकडून रोज इंग्रजीत बोलून घ्या. वेंट आपोआप बसेल.

आणि एकदा तिला उलट विचारा : धावतोचं धावला, चालतोचं चालला, मग जातोचं ‘जाला’ का नाही? आपला ‘जा’ संस्कृतातल्या ‘या’ धातूचा, ‘गेला’ मात्र ‘गम्’चा, ‘गत’वरून आलेला. येतो आणि आला यांचीही तीच कथा. ‘आला’ हा ‘आगत’चा. आपण हे कुठल्या तक्त्यावरून शिकलो नाही, म्हणून खटकत नाही, एवढंच.

जाता जाता : या ‘गम्’चा इंग्रजीतला सख्खा भाऊबंद ‘गो’ नाही. तो आहे ‘कम’.