जुना कर्नल लगेच काढू नकोस

शहागंज, छत्रपती संभाजीनगर

चि. बाळास,


लॅबची चौदा मशीन तुझ्या ताब्यात आली हे ताईकडून कळलं, फार बरं वाटलं. रविवारी सगळ्यांचा कर्नल एकदम नवा करणार आहेस, हेही ती म्हणाली. म्हणून हे पत्र. फोनवरचं विसरायला होतं.

एकदम करू नकोस, बाळा. एका लग्नसराईत मी शहागंजच्या घड्याळाजवळच्या एका लग्नपत्रिकावाल्याच्या मशीनवर रात्री उबुंटू अपडेट केलं. सकाळी मशीन सुरू झालं, पण वायफायच्या डोंगलचा निळा दिवा लागेना. त्याचा ड्रायव्हर मी बाहेरून आणून बसवलेला, जुन्या कर्नलपुरताच बांधलेला. नव्याने बांधायचा तर नव्या कर्नलचे हेडर हवेत, हेडर उतरवायला इंटरनेट हवं, आणि इंटरनेट त्या डोंगलवरच! दुकानदार काही बोलला नाही, पण प्रूफं पाठवायची राहिली होती आणि नवरीचे वडील बाकावर बसून होते. शेवटी माझा मोबाईल चार्जिंगच्या केबलने जोडून टेदरिंग केलं. ते पहिल्या फटक्यात चाललं, कारण त्याचा ड्रायव्हर कर्नलमध्येच असतो.

सगळी मेख इथेच आहे. आपण वापरतो ते प्रोग्रॅम नव्या कर्नलवर मोडू नयेत, याबद्दल लिनक्स कर्नलचा कर्ता लिनस टोरवाल्ड्स फार कडक आहे. पण कर्नलच्या पोटातल्या फंक्शन्सबद्दल कुणी कसलाच शब्द दिलेला नाही, ती बदलत राहतात. जो बदल करतो त्यानेच कर्नलमधले सगळे ड्रायव्हर दुरुस्त करायचे, अशी तिथली रीत आहे. बाहेरच्या ड्रायव्हरकडे मात्र कोणी बघत नाही. डेलच्या लोकांनी केलेलं डीकेएमएस तो प्रत्येक नव्या कर्नलसाठी आपोआप बांधून देतं, पण फंक्शनच बदललं असेल तर बांधणी तिथेच अडते. सिक्युअर बूट चालू असेल तर सही नसलेलं मॉड्यूल कर्नल आत घेत नाही, तेही बघून ठेव.

बाहेरून जोडलेली वस्तू अशी मागे पडणं आपल्याकडे पूर्वीही झालंय. पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट कार्ड तू पाहिलं नसशील. ते संगणकाच्या स्लॉटमध्ये बसवलं की डॉसवरच्या वर्डस्टारमध्ये देवनागरी उमटायची! पुढे विंडोज आलं, मदरबोर्डवरचे ते स्लॉटही गेले, कार्ड निकामी झालं. पण त्यातला मजकूर इस्की संकेतात होता, आणि १९९१ साली इस्की भारतीय मानक झालं. कोणत्या अक्षराला कोणता आकडा, हे छापील उपलब्ध होतं, म्हणून तो मजकूर पुढे युनिकोडमध्ये आणता आला. जे सगळ्यांसमोर उघडं असतं तेच टिकतं. म्हणूनच यापुढे खरेदी तुझ्या हातात आली तर दोनशे रुपये जास्त गेले तरी चालतील, पण ज्याचा ड्रायव्हर कर्नलमध्ये आहे तेच डोंगल घे. कंपनीच्या सीडीवर विसंबू नकोस.

आता रविवारचं. आधी वही घे. प्रत्येक मशीनवर एलएसपीसीआय डॅश के आणि एलएसयूएसबी डॅश टी चालवून कोणत्या वस्तूला कोणता ड्रायव्हर लागलाय ते लिही. मग मॉडइन्फोने त्याचा पत्ता बघ: ‘कर्नल’ फोल्डरमध्ये असेल तर बहुधा घरचा, ‘अपडेट्स’मध्ये असेल तर बाहेरचा. बाहेरच्यांखाली लाल रेघ मार. लाल रेघा सगळ्यांत जास्त असलेलं एकच मशीन आधी नवं कर, हेडरचं पॅकेज बरोबर घे आणि रीस्टार्ट करण्याआधी डीकेएमएस स्टेटस वाच. नव्या कर्नलच्या नावापुढे ‘इन्स्टॉल्ड’ दिसलं तरच पुढे जा. नाही दिसलं तर त्या मशीनला हात लावू नकोस, जुन्यावरच चालू दे.

मशीन सुरू होताना येणाऱ्या ग्रबच्या मेनूत, ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये, जुना कर्नल किमान महिनाभर राहू दे. ऑटोरिमूव्ह त्या महिन्यात चालवूच नकोस. वायफाय, आवाज, प्रोजेक्टर, झोपवून उठवलेलं मशीन, सगळं स्वतः वापरून बघ. उरलेली तेरा पुढच्या रविवारी.

खिशात डेटा केबल असू दे. चार्जिंगपुरती असते ती नको, डेटा जाणारी.

तुझा,
मामा