तारापूरचे इंधन आणि अण्वस्त्र प्रसारबंदी

वसई-विरारहून डहाणूकडे जाताना बोईसर स्थानक लागते. तेथून पश्चिमेस, समुद्रकिनारी, तारापूर अणुविद्युत केंद्र आहे. अण्वस्त्रांच्या प्रसारास आळा घालण्याचे प्रयत्न म्हटले की व्हिएन्ना, जिनिव्हा ही दूरची शहरे आठवतात. तथापि त्या प्रयत्नांचा एक महत्त्वाचा अध्याय पालघर जिल्ह्यातील या केंद्रात घडला आहे.

भारत व अमेरिका यांच्यात 1963 साली तीस वर्षांचा करार झाला. त्यानुसार अमेरिकेने दोन अणुभट्ट्यांसाठी समृद्ध युरेनियम पुरवावयाचे आणि भारताने त्याचा वापर केवळ शांततामय कार्यासाठी करावयाचा होता. 1969 मध्ये केंद्र कार्यान्वित झाले. देखरेख व्हिएन्ना येथील आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेकडे आली. आलेल्या, भट्टीत घातलेल्या व बाहेर काढलेल्या इंधनाची काटेकोर नोंद ठेवावी लागते. निरीक्षक ती प्रत्यक्ष साठ्याशी ताडून पाहतात, मोहोरा लावतात, कॅमेरे बसवितात. पंचायतीची साठा नोंदवही तपासणाऱ्यास ही रीत अनोळखी वाटू नये. मात्र येथील तूट साधी नव्हे. वापरलेल्या इंधनात प्लुटोनियम तयार झालेले असते, आणि त्याचे आठ किलोग्रॅम एका अण्वस्त्रास पुरेसे ठरू शकतात, असे ही संस्था धरून चालते.

अण्वस्त्र प्रसारबंदी करार 1970 मध्ये अमलात आला. 1 जानेवारी 1967 पूर्वी अणुस्फोट केलेल्या पाच राष्ट्रांकडे अण्वस्त्रे राहावीत व इतरांनी ती वर्ज्य करावीत, ही विभागणी भारताने पक्षपाती मानली व स्वाक्षरी केली नाही. 18 मे 1974 रोजी पोखरण येथे चाचणी झाली. तिच्यासाठीचे प्लुटोनियम तुर्भे येथील सायरस भट्टीतून आले होते, तारापूरहून नव्हे. तरीही झळ लागली ती तपासणीखालील तारापूरलाच! देशातील सर्व अणुकेंद्रे तपासणीस खुली असल्याखेरीज इंधन देऊ नये, असा कायदा अमेरिकेने 1978 मध्ये केला. 1980 मध्ये तारापूरच्या इंधनाचा प्रश्न अमेरिकी सिनेटपुढे आला, तेव्हा 48 विरुद्ध 46 मतांनी पुरवठ्यास वाट मिळाली. पुढे 1982 मध्ये फ्रान्सने पुरवठ्याची जबाबदारी स्वीकारण्याचे ठरले. कराराची मुदत 1993 मध्ये संपल्यानंतर चीन व रशिया यांच्याकडून इंधन आले. वापरलेले इंधन मात्र अमेरिकेने परत नेले नाही आणि त्यावर पुनर्प्रक्रिया करण्यास दीर्घकाळ संमतीही दिली नाही. ते केंद्राच्या आवारातच साठवावे लागले.

पोखरणनंतर स्थापन झालेल्या अणुपुरवठादार राष्ट्रांच्या गटाने 2008 मध्ये भारताला आपल्या नियमांतून सवलत दिली. त्यासाठी भारताने आपली काही केंद्रे नागरी म्हणून वेगळी काढून तपासणीखाली ठेवण्याचे मान्य केले. तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या त्यांत आहेत. 2005 व 2006 मध्ये सुरू झालेल्या, भारतीय अभियंत्यांनी आराखडा केलेल्या 540 मेगावॅटच्या तिसऱ्या व चौथ्या भट्टीचा त्या यादीत समावेश नाही.