मुक्या जिवाचे मन ओळखावे

सज्जनहो, भूतदया हा शब्द आपल्या कीर्तनात नित्य येतो. दारी आलेल्या कुत्र्याला भाकरी घालावी, चुलीपाशी बसलेल्या मांजराला दूध द्यावे, ही तर आपल्या घरची रीतच आहे. पण पोट भरले म्हणजे त्या जिवाचे सगळे झाले काय? त्याला भय वाटते, एकटे वाटते, दुखते, खुपते. ते कोणी पाहावयाचे? या पाठात तेवढाच विचार करू.

नामदेवरायांची कथा आपल्यातल्या लहान पोरालाही ठाऊक असते. कुत्र्याने कोरडी भाकरी पळवली आणि नामदेवराय तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले. या कथेत आपण तूप पाहतो. जरा त्या कुत्र्याकडेही पाहावे. मागे धावणारा तूप घेऊन येतो की काठी, हे त्याला कसे कळावे? कोणी तरी अंगावर येत आहे, एवढेच त्याला कळते. नामदेवरायांचा भाव शुद्धच होता. आपलाही असेल. पण तो भाव त्या प्राण्याला कळेल अशा रीतीने त्याच्यापर्यंत पोचला पाहिजे. म्हणून त्याची बोली शिकावी.

कुत्र्याची बोली

कुत्रा तोंडाने भुंकतो ते थोडे. तो बोलतो सर्वांगाने. चार्ल्स डार्विन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८७२ साली माणसांच्या व जनावरांच्या भावना अंगावर कशा उमटतात यावर ग्रंथ लिहिला. त्यात चवताळलेला कुत्रा व लाडात आलेला कुत्रा यांची चित्रे देऊन फरक दाखवला आहे.

“शेपूट हलवतोय, म्हणजे खूश आहे,” असे आपण म्हणतो. हे अर्धेच खरे. अंग सैल, तोंड मोकळे आणि शेपटीबरोबर कंबरही हलते, तेव्हा तो आनंदात असतो. पण शेपूट वर ताठ, अंग आखडलेले आणि नजर रोखलेली असेल, तर हलती शेपटीही धोक्याचीच समजावी. झोप आलेली नसता जांभई देणे, पुढे खायला काही नसता ओठ चाटणे, तोंड फिरवणे, डोळ्याचा पांढरा भाग दिसू लागणे, ही भ्याल्याची लक्षणे आहेत. त्या वेळी तो म्हणत असतो, “जरा लांब राहा.”

हे कोणी ऐकले नाही तर तो गुरगुरतो. गुरगुरणे हा उद्धटपणा नव्हे, ती सूचना आहे. गुरगुरला म्हणून मारले तर त्याचे भय जात नाही, फक्त सूचना जाते, मग तो न गुरगुरता चावतो आणि आपण म्हणतो, “अचानक चावला हो!” म्हणून जेवत्या, निजल्या व पिलांजवळच्या कुत्र्याला छेडू नये, पोरांना त्याच्या गळ्यात पडू देऊ नये. वारीच्या वाटेवरही हाच नियम पाळावा. पालाशेजारी निजलेल्या कुत्र्याला ओलांडू नये. अंगावर आला तर पळू नये; स्थिर उभे राहून, नजर न भिडवता हळूहळू बाजूला व्हावे.

दुसरा एक गैरसमज आहे. कुत्र्याने पोते फाडले, आपण तासाभराने घरी आलो, रागावलो, की तो मान खाली घालतो. आपण म्हणतो, “बघा, गुन्हा कबूल करतोय.” अमेरिकेतील अभ्यासक अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात असे दिसले की हा चेहरा कुत्र्याच्या अपराधामुळे होत नाही, मालकाच्या रागावण्यामुळे होतो. अपराध न केलेला कुत्राही रागावल्यावर तसाच दिसला. तेव्हा मागाहून मारणे व्यर्थ. तो त्यातून इतकेच शिकतो की धनी घरी आला म्हणजे भ्यावे.

मांजराची रीत

मांजराला कुत्र्याच्या मापाने मोजू नये. कुत्रा माणसाला धरून राहतो. मांजर माणसाला धरते आणि जागेलाही धरते. शेपटी उभी करून आपल्याकडे आले तर ते स्वागत आहे. शेपटी आपटू लागले, कान मागे गेले, की हात आवरावा. पोट वर करून लोळले म्हणजे विश्वास दाखवला, पोटाला हात लावा असे नव्हे. घुरघुर बहुधा सुखाची असते, परंतु आजारी मांजरही घुरघुरते, हे विसरू नये. मांजराकडे पाहून डोळे सावकाश मिटावे व उघडावे; ही त्याच्या बोलीतली मैत्रीची खूण आहे. इंग्लंडातील संशोधकांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातही याला दुजोरा मिळाला.

मांजर दुखणे लपवते. कोपऱ्यात दडून बसणे, अंग चाटण्याचे सोडणे, नको तेथे मुतणे याला खोड म्हणून झाडू उगारू नये. बोका कुंथत असेल व लघवी होत नसेल तर त्याच दिवशी पशुवैद्य गाठावा. उशीर जिवावर बेततो.

घरची मंडळी वारीला निघताना

मुळशीतल्या घरांना हा भाग विशेष लागू आहे. ज्येष्ठ वद्यात देहू-आळंदीहून पालख्या निघतात. काल्यापर्यंत राहणारा माणूस सुमारे तीन आठवडे घराबाहेर असतो. इकडे भातलावणीची घाई, वर पावसाची झड. घरी राहिलेली माणसे दिवसभर चिखलात. अशा वेळी रोज भाकरी घालणारा हातच दिसेनासा झाला, की कुत्रा उंबऱ्यात बसून वाट पाहतो, खात नाही, रात्री रडतो. शेजारी म्हणतात, “अपशकुनी आहे, हाकला.” अपशकुन कसला? तो विरह आहे. विठ्ठलाच्या ओढीने घर सोडणाऱ्याला विरह काय असतो ते सांगावे लागू नये.

उपाय साधे आहेत. मागे जो सांभाळणार, त्याच्या हातून निघण्याआधी आठवडाभर खाणे द्यावे. वेळ व भांडे तेच ठेवावे. आपले वापरलेले घोंगडे त्याच्या जागी टाकावे. कुत्र्याला वासाचा मोठा आधार असतो. मांजराला परक्या घरी नेऊन ठेवू नये, सांभाळणाऱ्यानेच आपल्या घरी यावे. मांजराने दोन दिवस काही खाल्ले नाही तर वैद्याला दाखवावे. कुत्र्याला रात्री अंगणात बांधून ठेवू नये, पडवीत घ्यावे. रानालगतच्या वाडीत बांधलेला कुत्रा बिबट्याच्या तोंडी सहज सापडतो.

साखळी व कायदा

धरणाच्या काठी शहरी मंडळींचे बंगले झाले आहेत. बंगल्याला कुलूप आणि राखणीचा कुत्रा पावसात आखूड साखळीला, हे जेथे घडते तेथे ते पापही आहे व गुन्हाही. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा केंद्राचा कायदा १९६० सालचा आहे. फार आखूड वा जड साखळीने जनावर गैरवाजवी काळ बांधणे, नेहमी बांधलेल्या कुत्र्याला हिंडवून न आणणे, उपाशी मरेल अशा स्थितीत त्याला सोडून देणे, हे सारे त्यात क्रूरता म्हणून सांगितले आहे. बांधलेला कुत्रा पळू शकत नाही, म्हणून तो भयाने अधिक चावरा होतो. रोज थोडे हिंडवावे, वास घेत रमू द्यावे. तो त्याचा विरंगुळा आहे.

एक सावधगिरी मात्र सोडू नये. दया म्हणजे गाफीलपणा नव्हे. पाळलेल्या कुत्र्या-मांजराला रेबीजची लस टोचून घ्यावी. चावा किंवा ओरखडा झाला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी, हळद, चुना, तिखट काही भरू नये, आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस घ्यावी. रोगाची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस बहुधा वाचत नाही. जनावराचा स्वभाव एकाएकी पालटला तर जवळ न जाता पशुवैद्याला कळवावे.

मननासाठी

१. आपल्या घरचे जनावर आपण येताच पुढे येते की दडते? दडत असेल तर का?
२. गेल्या महिन्यात आपण त्याला कशासाठी मारले? ते कशासाठी, हे त्याला कळले असेल काय?
३. आपण वारीला गेल्यावर त्याला कोण पाहणार? त्याची व त्या माणसाची ओळख झाली आहे काय?

तीनही प्रश्न भजनानंतर घरी बसून बोलावे. सर्वां भूती देव आहे असे आपण मुखाने म्हणतो. त्या देवाला भूक लागते हे आपण जाणले. त्याला भय वाटते हेही जाणावे, म्हणजे दया पुरी झाली.

रामकृष्णहरि.