सुट्टीत धाकट्या भावंडांसाठी हस्तकाम

तिसरी-चौथीतल्या ताई-दादांनो,

सुट्टी लागली की तुम्ही मोकळे होता, पण पूर्ण मोकळे होत नाही. आई-बाबा शेतावर किंवा कामावर जातात आणि घरातलं तीन-चार-पाच वर्षांचं भावंड तुमच्या गळ्यात पडतं. ते तुमच्या मागे मागे फिरतं, खेळ मोडतं, रडतं. मग ते गप्प बसावं म्हणून कोणी त्याच्या हाती मोबाईल देतं, तर कोणी पाटी देऊन ‘अ आ इ गिरव’ म्हणून दटावतं. या दोन्हींपेक्षा चांगला मार्ग आहे, तो म्हणजे हस्तकाम. त्यासाठी दुकानात जावं लागत नाही. लागणारं सगळं साहित्य आपल्या अंगणात आणि परड्यात असतं.

हस्तकाम कशासाठी?

मी पहिलीचा वर्ग घेतो. जून महिन्यात नवी मुलं येतात, तेव्हा मी आधी त्यांचे हात पाहतो. काही मुलं पेन्सिल मुठीत धरतात. दोन ओळी झाल्या की हात झटकतात आणि म्हणतात, “गुरुजी, बोटं दुखतात.” ती मुलं आळशी नसतात, त्यांच्या बोटांत अजून बळ आलेलं नसतं. अंगठा आणि पहिली दोन बोटं यांची चिमूट पक्की झाली, म्हणजे पेन्सिल नीट धरता येते. ही चिमूट माती मळून, कागद फाडून, मणी ओवून तयार होते. म्हणून अक्षराच्या आधी माती हवी.

साधारणपणे तिसऱ्या वर्षी मुलाला गोल काढता येतो, चौथ्या वर्षी फुली आणि पाचव्या वर्षाच्या सुमारास चौकोन. कोणाला थोडं लवकर जमतं, कोणाला थोडं उशिरा. ज्याला अजून चौकोन येत नाही त्याच्याकडून ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ कसा निघेल? तुम्हीच विचार करा.

हे आपल्याकडे कोणी दाखवलं?

ताराबाई मोडक (१८९२–१९७३) आणि अनुताई वाघ (१९१०–१९९२) यांनी १९४५ साली बोर्डी येथे खेड्यातल्या मुलांसाठी बालवाडीचं काम सुरू केलं. पुढे १९५७ साली ते काम जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेलं. हा भाग तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता, आता पालघर जिल्ह्यात आहे. शहरातल्या बालमंदिरांतली साधनं महाग होती, ती खेड्यात कुठून आणायची? त्यांनी बिया, पानं, शिंपले, माती अशा आसपासच्या वस्तूच साधनं म्हणून वापरल्या. मुलं शाळेपर्यंत येत नाहीत असं दिसल्यावर शाळाच त्यांच्या पाड्यावर, अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द तिथूनच आला. सरकारची एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली, तेव्हापासून हा शब्द गावोगावी पोचला.

आता प्रत्यक्ष कृती पाहू.

१. मातीकाम

*साहित्य :* ओढ्याकाठची किंवा तळ्यातली चिकणमाती, पाणी, एक जुनं पोतं.
*कृती :* माती फोडून खडे, काचा, काटे निवडा. हे काम ताई-दादांनी करायचं. माती पाणी घालून रात्रभर भिजत ठेवा. सकाळी भाकरीच्या पिठासारखी मळा. हाताला चिकटली तर पाणी जास्त झालं, चिरा पडल्या तर कमी झालं. तीन वर्षांचं मूल नुसते गोळे करील, थापील, बोटं खुपशील. चार वर्षांचं लांब साप वळील. पाच वर्षांचं चूल, बोळकी आणि बैल करू लागेल. उरलेली माती ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा, दुसऱ्या दिवशी चालते.

२. कागद फाडून चिकटवणे

*साहित्य :* जुनी वर्तमानपत्रं, रंगीत वेष्टनं, खळ.
*कृती :* एक वाटी कणीक चार वाट्या पाण्यात कालवून मंद आचेवर शिजवली की खळ तयार होते. ती आईनं किंवा आजीनं करून द्यावी, चुलीजवळ तुम्ही जाऊ नका. लहानग्याला कात्री देऊ नका, कागद हातानेच फाडू द्या. फाडताना दोन्ही हातांच्या चिमटी उलट दिशेने ओढतात, तोच खरा व्यायाम. मोठ्या कागदावर तुम्ही कोंबडीचा आकार काढा. त्यात तो तुकडे चिकटवील. तुकडे रेघेबाहेर गेले तर जाऊ द्या.

३. भेंडीचे ठसे

*साहित्य :* निबर भेंडी, गेरू, हळद, जुनी वही.
*कृती :* भेंडी तुम्ही आडवी कापून द्या. गेरू पाण्यात दाट कालवा आणि बशीत ओली चिंधी ठेवून तिच्यावर ओता. भेंडीचं कापलेलं टोक चिंधीवर टेकवून कागदावर दाबलं की फूल उमटतं. त्याच्या पाकळ्या मोजायला सांगा. बहुतेक वेळा पाच भरतील.

४. हळदीची जादू

पांढऱ्या कागदाला हळदीचं पाणी लावून वाळवा. वाटीत थोडं कपडे धुण्याच्या साबणाचं पाणी घ्या. खराट्याच्या काडीला कापूस गुंडाळा, तो त्या पाण्यात बुडवून पिवळ्या कागदावर रेघ ओढायला द्या. रेघ तांबडी उमटते! साबणात क्षार असतो आणि क्षार लागला की हळद तांबडी होते. साबणाचा हात डोळ्यांना लागू देऊ नका, काम झालं की हात धुवा.

५. धाटाची गाडी

ज्वारीच्या वाळलेल्या धाटाची साल सोलली की आत पांढरा हलका गाभा राहतो. आमच्याकडे त्याला भेंड म्हणतात. सोललेल्या सालीची धार ब्लेडसारखी कापते, म्हणून सोलण्याचं काम मोठ्यांचंच. भेंडाचे बोटभर तुकडे करून द्या. लहानगा ते खराट्याच्या काडीत ओवील, एकमेकांत टोचील. त्याची कधी माळ होईल, कधी गाडी होईल. काडीचं टोक बोथट करून द्यावं.

६. चिंचोक्यांची रांगोळी

हे चार वर्षांवरच्यांसाठी. जमिनीवर खडूनं मोठा गोल, नागमोडी रेघ किंवा मासा काढा. त्या रेघेवर एकेक चिंचोका मांडायला सांगा. मांडता मांडता पाच-दहापर्यंत मोजणंही होतं.

काळजी घ्या

(१) गुंजा, एरंडाच्या बिया आणि धोतरा विषारी आहेत. गुंज दिसायला सुंदर असते, पण ती खेळात कधीच घेऊ नका. रुईचा चीक डोळ्यांना वाईट, बिब्ब्यानं कातडी भाजते. या वस्तूंना हातच लावू नका.
(२) जे मूल अजून वस्तू तोंडात घालतं त्याला बिया देऊ नका. नाकात-कानात बी गेली तर काडी घालून काढायचा प्रयत्न करू नका. मोठ्यांना हाक मारा आणि सरळ दवाखान्यात न्यायला सांगा.
(३) काम सकाळी किंवा उन्हं कलल्यावर करा. दुपारी बारा ते चार घरात किंवा दाट सावलीत बसा. मधूनमधून पाणी प्या.
(४) एका वेळी पाव तास पुरे. त्याचं मन उडालं की थांबा.

सर्वांत मोठा नियम

हा नियम वरच्या सहाही कृतींना लागू आहे. लहानग्याच्या हातातलं काम आपल्या हातात घ्यायचं नाही.

मागल्या वर्षी चौथीतली एक मुलगी मला मातीचा बैल दाखवायला आली. शिंगं, वशिंड, शेपूट सगळं झकास होतं. मी विचारलं, “भावानं काय केलं गं?” ती म्हणाली, “त्याला येत नाही गुरुजी. तो बिघडवतो, म्हणून मीच केला.” भाऊ तिच्या मागे हात पाठीशी बांधून उभा होता. मी त्याला उरलेला गोळा दिला. त्यानं तो बराच वेळ दाबला, वळला आणि माझ्यापुढे ठेवला. “हा माझा बैल.” मी म्हटलं, “पाय कुठं आहेत याचे?” तो म्हणाला, “बसलाय ना तो!”

बरोबरच होतं त्याचं. बसलेल्या बैलाचे पाय पोटाखाली जातात, आणि हे त्यानं गोठ्यात पाहिलेलं होतं. बहिणीचा बैल सुंदर होता, पण त्यात या मुलाच्या बोटांना काहीच मिळालं नव्हतं. ‘तुला येत नाही’ हे शब्द लहान मूल विसरत नाही. पुढे पहिलीत पाटी समोर आली, की ते स्वतःच म्हणतं, ‘मला येत नाही.’ ते ऐकलं की मला फार वाईट वाटतं, कारण तेव्हा आधी ते वाक्य पुसावं लागतं आणि मग अक्षर शिकवावं लागतं.

म्हणून ताई-दादांनो, तुम्ही खडे निवडा, साल सोला, भेंडी कापा. पुढचं त्याला करू द्या. वाकडं झालं तर हसू नका. “हे काय केलंस?” असं न विचारता “याची गोष्ट सांग” म्हणा. बघा तो किती बोलतो ते!

पालकांनाही एक विनंती. अंगण थोडं मळेल, कपड्यांना गेरू लागेल. रागावू नका. हा लेख मुलांकडून वाचून घ्या.

शाळा उघडल्यावर पहिल्या आठवड्यात या भित्तिपत्रकाखाली एक टेबल मांडू. प्रत्येकाने धाकट्या भावंडानं केलेली एक वस्तू आणायची आहे. घरी भावंड नसेल तर शेजारच्या घरचं आणा. वस्तूपुढे चिठ्ठी ठेवायची, तिच्यावर त्याचं नाव आणि त्यानं सांगितलेली गोष्ट तुमच्या अक्षरात लिहायची. नंबर काढणार नाही. वस्तू मात्र त्याच्याच हातची हवी, आणि हात कोणाचा लागलाय हे मला मातीवरच्या बोटांच्या ठशांवरून लगेच कळतं!

— तुमचे गुरुजी, इयत्ता पहिली