गोष्टीतला माणूस म्हणजे लेखकच का?

विद्यार्थी मित्रांनो, गोष्टीत ‘मी’ असला की तो लेखकच, असं आपण धरून चालतो. पण दरवेळी तसं नसतं. तीन जोड्या सांगतो.

१) साने गुरुजी आणि श्याम : गुरुजी रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालगडचे. सन १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात त्यांनी ‘श्यामची आई’ लिहिली. श्याममध्ये त्यांचं स्वतःचंच लहानपण आहे.

२) चिं. वि. जोशी आणि चिमणराव : जोशी बडोद्याला पाली भाषेचे प्राध्यापक. चिमणराव मात्र साधाभोळा कारकून. पदोपदी त्याची फजिती!

३) भा. रा. भागवत आणि फास्टर फेणे : भागवतांचा जन्म १९१० चा. फेणे मात्र कायम शाळकरी. त्याचं गाव पुण्याजवळचं फुरसुंगी. म्हणजे सायकलवरून चोरांचा माग काढणारा हा नायक आपल्यासारखाच खेड्यातला पोरगा! मला हीच जोडी जास्त आवडते.

यावरून समजतं की, लेखक कधी आठवणीतून माणूस उभा करतो, कधी कल्पनेतून. आपल्या गावातही सांगण्यासारखी माणसं आहेत. त्यांच्यावर बाहेरचं कोण लिहिणार? आपणच लिहायला हवं. पालकांना विनंती, घरी जुन्या हकिगती सांगा. आम्ही त्या वहीत उतरवून घेऊ.