झाडाआडच्या घरांसाठी वायरलेस यंत्र: विकत घेण्याआधी घ्यायची परीक्षा

विक्रेता म्हणतो, “मध्ये झाडं असू देत, टेकडी असू देत, लिंक लागणारच.” लागेलही! पण रात्री नऊला सगळी वाडी मॅच बघत बसली की ती किती टिकते, हे आपलं आपणच पाहायचं. समजा, तुमचा टॉवर कोकणातल्या एखाद्या सड्यावर आहे आणि ग्राहकांची घरं खाली आंबा-फणसाच्या गर्दीत. चला, एकेक पायरी घेऊ. क्रम मात्र बदलू नका.

आधी हे जमवा: चाचणीपुरता मागून घेतलेला एक बेस म्हणजे टॉवरवर लावायचं यंत्र, पाच सीपीई म्हणजे ग्राहकाच्या घरी लावायची यंत्रं, प्रत्येक सीपीईमागे एक लॅपटॉप (जुना चालेल, पण लॅन पोर्ट गिगाबिटचा हवा), टॉवरखाली ठेवायला आणखी एक, जीआय पाइपचे तुकडे आणि क्लॅम्प, पाने, यूपीएस, सेफ्टी बेल्ट आणि एक वही.

१. पास होण्याचे गुण आजच वहीत लिहा. उदाहरणार्थ: आडोशाच्या चार घरांपैकी तिघांत रात्री नऊला ५० एमबीपीएस डाउनलोड, १० अपलोड आणि भार असताना पिंग ५० मिलिसेकंदांच्या आत. आकडे तुमच्या प्लॅनप्रमाणे बदला. सावधान: चाचणीनंतर गुण ठरवायला बसलात, तर जे आलं तेच पुरेसं वाटायला लागतं.

२. यंत्राचा बँड आणि त्याचं ईटीए, म्हणजे उपकरण-मान्यतेचं प्रमाणपत्र पाहा. आपल्याकडे ५१५० ते ५३५० आणि ५४७० ते ५८७५ मेगाहर्ट्झ हे पट्टे २०१८ पासून विनापरवाना खुले आहेत. सावधान: अमेरिकेतल्या सीबीआरएससाठी, म्हणजे ३५५० ते ३७०० मेगाहर्ट्झसाठी बनवलेलं यंत्र कुणी स्वस्तात देऊ केलं, तर हात जोडा. इथे ३३०० ते ३६७० चा पट्टा २०२२ च्या लिलावात मोबाइल कंपन्यांसाठी निघाला. तो तुमचा नाही.

३. पाच घरं निवडा. एक असं, जिथून टॉवर लख्ख दिसतो. दुसरं एका कलमाच्या आड, तिसरं भर बागेत, चौथं टेकडीच्या खांद्यामागे, आणि पाचवं ते, ज्याचा मालक तुम्हाला रोज फोन करून “आमच्याकडे कधी?” विचारतो पण जिथे आजवर काहीच चाललेलं नाही. सावधान: निवड विक्रेत्यावर सोडू नका. तो नेमकं आंगण मोकळं असलेलं घर शोधेल.

४. प्रत्येक घराचा अपेक्षित सिग्नल कागदावर काढा. ५.८ गिगाहर्ट्झवर मोकळ्या हवेत २ किलोमीटरला सुमारे ११४ डीबी घट होते. अंतर निम्मं झालं की ६ डीबी वाचतात. बेसकडून ३६ डीबीएम निघत असतील आणि सीपीईचा अँटेना २३ डीबीआयचा असेल, तर ३६ उणे ११४ अधिक २३, म्हणजे उणे ५५ डीबीएम. पुढे घरात उणे ७५ दिसले, तर २० डीबी झाडांनी खाल्ले असा सरळ हिशेब. सावधान: ३६ आणि २३ हे माझे उदाहरणाचे आकडे आहेत. तुमच्या यंत्राच्या माहितीपत्रकातले घ्या, आणि बेसची पॉवर नियमाच्या मर्यादेतच धरा.

५. बेस टॉवरवर चढवा. सावधान: बेल्टशिवाय नाही, एकट्याने नाही आणि आभाळ गडगडत असताना तर मुळीच नाही. अर्थिंग आणि सर्ज प्रोटेक्टर चाचणीतही लावायचा. मागून आणलेलं यंत्र जळलं तर भरपाई तुम्हीच देणार.

६. संध्याकाळी सातनंतर बेसवरून नॉईज स्कॅन करा आणि सगळ्यात शांत चॅनल निवडा. सावधान: सकाळचा स्कॅन गोड बोलतो. टॉवर उंचावर असल्यामुळे आजूबाजूचा सगळा गोंगाट त्याच्या कानी पडतो, म्हणून पहिला मार अपलोडलाच बसतो.

७. लख्ख दिसणाऱ्या घरी पहिला सीपीई लावा. सावधान: इथला सिग्नल कागदापेक्षा ५ डीबीहून जास्त कमी आला, तर पुढे जाऊच नका. अँटेनाची दिशा चुकली आहे किंवा बसवण्यात काहीतरी गफलत आहे. ती काढा, मगच आडोशाकडे वळा.

८. आडोशाच्या घरी सीपीई हळूहळू अर्धवर्तुळात फिरवा. पूर्वी छपरावर चढून टीव्हीचा अँटेना फिरवायचो, अगदी तसंच! झाडांमागे सगळ्यात चांगली वाट टॉवरच्या दिशेनेच येईल असं नाही. बाजूच्या उतारावरून किंवा शाळेच्या भिंतीवरून आपटून आलेला सिग्नल कधी कधी सरस निघतो. सावधान: प्रत्येक जागी अर्धा मिनिट थांबा. आकडा स्थिर व्हायच्या आत हात हलवलात, तर काहीच कळणार नाही.

९. चांगली दिशा सापडली की सीपीई पाइपवर एक वीत वर आणि एक वीत खाली सरकवून पाहा. या लहरीची लांबी जेमतेम ५ सेंटिमीटर असते, त्यामुळे वीतभर सरकण्यानेही चित्र बदलतं. सावधान: नुसता सिग्नल बघून नट आवळू नका, एसएनआर (सिग्नल गोंगाटापेक्षा किती वर आहे तो आकडा) जिथे सगळ्यात चांगला, तिथे आवळा.

१०. टॉवरखालच्या लॅपटॉपवर आयपर्फ या वेग मोजणाऱ्या सॉफ्टवेअरचा सर्व्हर चालू करा. हा लॅपटॉप बेसला केबलनेच जोडलेला हवा. सावधान: स्पीडटेस्टच्या साइटवर मोजलंत, तर यंत्र नव्हे, तुमची मागची लाइन मोजली जाते.

११. एकेका घरातून एक मिनिट डाउनलोड मोजा. सावधान: वायफायवरून नाही, लॅन केबल लावून.

१२. आता अपलोड मोजा. सावधान: ही पायरी लोक गाळतात, आणि व्हिडिओ कॉलच्या तक्रारी नेमक्या इथूनच येतात.

१३. डाउनलोड चालू ठेवूनच पिंग बघा. रिकाम्या लिंकवरचा पिंग वहीत लिहूसुद्धा नका.

१४. सगळ्यात वाईट घर बंद ठेवून चांगल्या घराचा वेग नोंदवा.

१५. वाईट घर सुरू करा, तिथे पूर्ण भार टाका आणि चांगल्या घराचा वेग पुन्हा मोजा. माझ्या मते सगळ्या परीक्षेचा जीव या जोडपायरीत आहे. कमकुवत सीपीई तेवढाच डेटा पाठवायला कितीतरी जास्त वेळ हवा अडवतो, आणि शेजारचा भला ग्राहक विनाकारण रखडतो. यंत्र वेळेची वाटणी नीट करत असेल तर फरक सोसवेल. सावधान: वेग निम्म्याहून खाली आला तर ते घर जोडण्यासारखं नाही, मग लिंक कितीही “लागलेली” असो.

१६. रात्री नऊला पाचही घरं एकदम चालवा. विक्रेत्याने एका सीपीईवर दाखवलेला मोठा आकडा आता पाचांत वाटला जाणार. बेरीज किती येते ते बघा.

१७. यंत्रं पंधरा दिवस तशीच ठेवा आणि दर पाच मिनिटांनी सिग्नल, एसएनआर आणि लिंक तुटल्याची वेळ आपोआप नोंदली जाईल असं करा. सावधान: यूपीएस विसरलात, तर महावितरणचा दोष यंत्राच्या माथी जाईल.

१८. भर पावसात एकदा तरी पायरी १० ते १६ पुन्हा करा. एवढ्या अंतरावर ५ गिगाहर्ट्झला पावसाच्या धारा फारशा नडत नाहीत. नडतात ती भिजलेली पानं. सावधान: मार्चमध्ये साग उघडा असतो. तेव्हा पास झालेलं घर जुलैत नापास होऊ शकतं.

१९. बेसची वीज बंद करून चालू करा आणि पाचही लिंक परत यायला किती वेळ लागला तो घड्याळाने मोजा.

२०. दर घरामागचा खर्च काढा: सीपीई, पाइप, क्लॅम्प, दोन माणसांची मजुरी, सॉफ्टवेअरची वार्षिक फी, आणि बेसच्या किमतीतला वाटा. सावधान: बेसची किंमत टॉवरच्या टप्प्यातल्या सगळ्या घरांवर वाटू नका. पायरी १ चे गुण ज्या प्रमाणात घरांनी मिळवले, तेवढीच घरं धरा.

२१. पहिली ऑर्डर एकाच सेक्टरची द्या. पावसाळ्यात नापास झालेले सीपीई परत घेण्याची अट बिलावरच लिहून घ्या. सावधान: “साहेब, मी आहे ना!” हे बिलावर छापलेलं नसतं.