चिन्हांना वळण लावताना

मराठी माध्यमाच्या शाळेत आम्हांला विरामचिन्हे शिकवली ती परीक्षेतल्या दोनचार गुणांपुरती. चिन्हे काढून टाकलेला एक उतारा द्यायचा आणि योग्य जागी ती आपण भरायची, एवढाच त्यांचा व्याप. बी. कॉम.ला आल्यावर त्या गुणांशी असलेला माझा संबंध संपला, अशी माझी समजूत होती. तो पुन्हा कसा जुळला आणि त्यापायी मला दोन हजार साठ रुपयांचा फटका कसा बसला, हे मला सांगायचे आहे. पण नुसते रडगाणे गाण्यात अर्थ नाही. ज्या यंत्रयुक्तीमुळे हे घडले ती आधी समजावून देतो. आपल्यापैकी अनेकजण आता आपल्या दुकानाची किंवा मंडळाची पाने इंटरनेटवर घालतात. त्यांना उपयोग होईल.

प्रथम कोणतेही चांगले छापलेले पुस्तक उघडून पाहा. अवतरणचिन्ह उघडते तेव्हा त्याचे वळण एका बाजूला असते आणि मिटते तेव्हा दुसऱ्या बाजूला. खिळे जुळवून छपाई होत असे त्या काळी इंग्रजी छापखान्यांत स्वल्पविरामाचाच खिळा उलटा बसवून उघडते चिन्ह तयार करीत. इंग्रजीत या चिन्हांना ‘उलटे स्वल्पविराम’ म्हणतात ते त्यामुळेच. पुढे टाइपरायटर आला. त्याच्यावर कळा मोजक्या. एकाच कामासाठी दोन कळा खर्च करणे परवडणारे नव्हते, म्हणून उघडायला आणि मिटायला मिळून एकच सरळ उभे चिन्ह ठेवण्यात आले. तेच चिन्ह इंग्रजीतल्या गाळलेल्या अक्षराच्या जागीही वापरायचे, आणि फूट-इंच दाखवायलाही तेच. एका नोकराकडून चार कामे करून घ्यावीत, तसा हा प्रकार.

संगणकाने टाइपरायटरची गादी चालवली. १९६३ साली ‘आस्की’ नावाची जी चिन्हसंहिता ठरली तिच्यात जागा होत्या अवघ्या १२८. तीत ३४ व्या क्रमांकावर दुहेरी सरळ चिन्ह आणि ३९ व्या क्रमांकावर एकेरी सरळ चिन्ह. वळणदार चिन्हांना तेथे थारा नव्हता. आज यूनिकोडमध्ये त्यांना स्वतंत्र क्रमांक आहेत. एकेरी उघडते ८२१६, एकेरी मिटते ८२१७, दुहेरी उघडते ८२२०, दुहेरी मिटते ८२२१. इंचाचे तिरपे चिन्हसुद्धा वेगळे, ८२४३. पण आपल्या कळफलकावर बोट पडते ते अजून ३४ आणि ३९ वरच. हे क्रमांक पाठ करण्याची गरज नाही. सरळ आणि वळणदार ही संगणकाच्या दृष्टीने सर्वस्वी निराळी चिन्हे आहेत, एवढे मात्र ध्यानात ठेवावे. माझे नुकसान झाले ते हे न ओळखल्याने.

तर टंकलेखन सरळ चिन्हांनी करायचे आणि पान मात्र पुस्तकासारखे दिसायला हवे, ही अडचण. तिच्यावर अमेरिकेतील जॉन ग्रूबर यांनी २००३ च्या सुमारास ‘स्मार्टीपँट्स’ नावाचा छोटा प्रोग्रॅम पर्ल या भाषेत लिहून विनामूल्य उपलब्ध करून दिला. त्याच धर्तीची सोय वर्डप्रेसमध्येही आहे. तिचे काम ठळक मानाने असे. सरळ चिन्ह दिसले की त्याच्या डावीकडे काय आहे ते पाहायचे. डावीकडे मोकळी जागा किंवा उघडा कंस असेल आणि उजवीकडे अक्षर असेल, तर ते उघडते चिन्ह. डावीकडे अक्षर किंवा पूर्णविराम चिकटलेला असेल, तर ते मिटते. लागोपाठ दोन आडव्या रेघा दिसल्या की त्यांची एक लांब रेघ, म्हणजे अपसारणचिन्ह, करायची. तीन टिंबांचे एक लोपचिन्ह करायचे. पानाच्या रचनेसाठी कोनी कंसांत ज्या सूचना लिहिलेल्या असतात, त्यांतल्या सरळ चिन्हांना मात्र हात लावायचा नाही. ती वळली तर पानच मोडते. संगणकाच्या आज्ञा नमुना म्हणून छापल्या असतील तर तोही भाग सोडून द्यायचा.

यात अर्थाशी काहीच संबंध नाही, हे चाणाक्ष वाचकांच्या लक्षात आले असेल. कोण बोलतो आहे, बोलणे कोठे संपले, हे त्या प्रोग्रॅमला समजत नाही. तो फक्त शेजारी पाहतो. बसमधल्या माणसाच्या शेजारी कोण बसले आहे एवढ्यावरून तो कोठल्या गावचा हे ठरवावे, तसेच हे. आणि नवल असे की बहुतेक वेळा ते बरोबर निघते!

येथे थोडे विषयांतर करतो. मोडीत लिहिताना शब्दाशब्दांत जागासुद्धा सोडीत नसत. मोल्सवर्थच्या कोशाशी ज्यांचे नाव जोडलेले आहे त्या मेजर थॉमस कँडी यांनी १८५० साली ‘विरामचिन्हांची परिभाषा’ लिहून इंग्रजी धर्तीची चिन्हे मराठीत रुळवली. मग त्याआधी कोणाचे बोलणे कोठे संपले हे वाचणाराला कसे कळत होते? त्यासाठी आपल्या भाषेत शब्दच आहेत. ‘असे म्हणाला’, ‘म्हणून सांगितले’ यांतले ‘असे’ आणि ‘म्हणून’ हे मुळात मिटते अवतरणचिन्हच होय. कन्नडमध्ये तर हे अधिक स्पष्ट आहे. बोलणे संपले की ‘एंदु’ यायचेच, मग ‘हेळिदनु’. माझा कन्नड विभागातला मित्र म्हणतो की त्याच्या आजीच्या गोष्टींत इतके ‘एंदु’ असतात, की तिला अवतरणचिन्ह लागणारच नाही. म्हणजे मिटायची सोय दोन्ही भाषांत घरची होती. उघडायचे चिन्ह तेवढे बाहेरून आले. प्रोग्रॅमला हे ‘असे’ आणि ‘एंदु’ समजत असते, तर किती बरे झाले असते!

आता तो चुकतो कोठे ते पाहू. इंग्रजीत शब्दाच्या आरंभीचे अक्षर गाळून तेथे एकेरी चिन्ह देतात. ते खरे तर मिटत्या वळणाचे हवे; पण डावीकडे मोकळी जागा दिसल्यामुळे प्रोग्रॅम त्याला उघडते करतो. ही उणीव ग्रूबर यांनी स्वतःच नमूद केलेली आहे. इंग्रजी दशकांसाठी, म्हणजे दोन आकडे आणि लगेच ‘एस’ हे अक्षर आले तर, त्यांनी खास नियम घातला. पण आपण ‘एस’ कोठून आणणार? माजी विद्यार्थ्यांच्या पानावर मी '८५ ची तुकडी असे लिहिले, त्याचे ‘८५ ची तुकडी झाले. उघडलेले चिन्ह मिटलेच नाही. प्रूफ पाहणाऱ्या बाईंनी बाजूला मोठे प्रश्नचिन्ह काढले.

दुसरी चूक खास आपली. अवतरणात लगेच दुसरे अवतरण आले, जसे "'आई' हा शब्द आधी लिही", तर दोन चिन्हे एकमेकांना चिकटतात. त्यासाठीही नियम आहे. पण तो ‘पुढे अक्षर असेल तर’ या अटीवर चालतो. ज्या आवृत्तीत ‘अक्षर’ म्हणजे रोमन अक्षर एवढेच धरलेले असते, तेथे आपला ‘आ’ अक्षरांत मोजला जात नाही. मग आतले एकेरी चिन्ह डावीकडे पाहते, तेथे मोकळी जागा नाही असे त्याला दिसते आणि ते मिटते होऊन बसते. मराठी आणि कन्नड दोन्ही विभागांत हा दोष सारखाच आढळला. त्या बाबतीत तरी आमच्या अंकात पक्षपात झाला नाही. टिंबांचेही तसेच. आमचे कवी भावना अनावर झाली की पाच टिंबे देतात. प्रोग्रॅम त्यांतली तीन उचलून लोपचिन्ह करतो आणि उरलेली दोन तशीच लोंबकळत ठेवतो.

आता फटक्याची हकीकत. माझ्या मामांचे नळ आणि पाइपांचे दुकान आहे. त्यांचे भावपत्रक मी इंटरनेटवर घालून दिले. माल साठवलेली यादी स्वल्पविरामांनी रकाने पाडलेल्या साध्या फाइलीत होती: आधी मालाचे नाव, मग शिल्लक नग, मग भाव. आता मालाच्या नावातच स्वल्पविराम असेल तर? त्यासाठी ते नाव सरळ दुहेरी चिन्हांत घालतात. उदाहरणार्थ, एक ओळ अशी होती:

"पितळी एल्बो, पाऊण इंची",६२,१६५

सरळ चिन्हे आहेत तोवर संगणकाला कळते की आतला स्वल्पविराम नावाचाच भाग आहे, रकाना पाडणारा नव्हे. मी अतिउत्साहात पानांबरोबर सबंध फोल्डरवरच प्रोग्रॅम चालवला. यादीतली चिन्हे छानदार वळली, आणि त्याच क्षणी ती संगणकाच्या लेखी रकान्याची चिन्हे राहिली नाहीत. ‘पितळी एल्बो’ हा पहिला रकाना झाला, ‘पाऊण इंची’ हा दुसरा, आणि भावाच्या तिसऱ्या रकान्यात येऊन बसले ६२, म्हणजे शिल्लक नग. १६५ चौथ्या रकान्यात गेले, जो पानावर दिसतच नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी एका प्लंबरने पान पाहून फोनवर वीस एल्बो मागवले. दुकानातल्या मुलाने पानावरचाच भाव लावला. संध्याकाळी हिशेब जुळेना तेव्हा मामांनी मला बोलावले.

"हे काय केलास रे? एकशे पासष्टचा माल बासष्टला गेला की!"

"मामा, चिन्हे वळली," मी म्हणालो. यापेक्षा निरुपयोगी उत्तर मी आजवर दिलेले नाही.

"त्याला फोन करून फरक मागूया काय?"

मामांनी मान हलवली. "छापलेला भाव तो भाव. चूक आपली."

वीस नगांचे ३३०० यायला हवे होते, आले १२४०. उरलेले २०६० मामांनी वहीत माझ्या नावे मांडले. त्यांची भाषा रागाची नव्हती. पण खाते उघडले ते उघडलेच. दर रविवारी दुकानात बसून मी ते फेडतो आहे.

या प्रकरणानंतर मी काय बदलले ते सांगतो, कारण करून पाहण्याजोगा भाग हाच आहे. मूळ मजकूर नेहमी सरळ चिन्हांतच ठेवायचा. वळण लावायचे ते पान वाचकाला दाखवण्याच्या वेळी, दाखवायच्या प्रतीवर. वर्डप्रेसमध्येही तसेच होते. साठवलेला मजकूर जसाच्या तसा राहतो आणि चिन्हे बदलतात ती फक्त पान दाखवताना. वाणिज्य शाखेच्या वाचकांना सांगायचे तर मूळ व्हाउचरवर खाडाखोड करायची नाही, खतावणी हवी तितक्या वेळा पुन्हा करता येते. मी याच्या उलट करून बसलो होतो. याद्या, हिशेबाची पत्रके, एक्सेलची सूत्रे यांच्या जवळही प्रोग्रॅम जाऊ द्यायचा नाही. सूत्रातल्या शब्दाभोवती वळणदार चिन्हे आली की सूत्र चालत नाही. वर्गातल्या ज्या मित्रांनी वेब पानांवरून सूत्रे उतरवून घेतली आहेत त्यांनी हे अनुभवले असेल. फूट-इंचाच्या मापांसाठी सरळ चिन्हाच्या आधी उलटी तिरपी रेघ देण्याची सोय स्मार्टीपँट्समध्ये आहे. मग ते चिन्ह सरळच राहते. मी मात्र ‘पाऊण इंची’, ‘आठ बाय चार फुटी’ असे अक्षरी लिहायला लागलो. गिऱ्हाईक तसेच मागते.

एक गोष्ट अजून जमलेली नाही. ‘दु:ख’ लिहिताना आपण विसर्गाऐवजी अपूर्णविरामाची कळ दाबतो. ही सवय सार्वत्रिक आहे, आणि पानावर ते दोन ठिपके अक्षरापासून तुटल्यासारखे दिसतात. मी प्रोग्रॅमला जोड म्हणून नियम लिहिला: दोन्ही बाजूंना देवनागरी अक्षर असेल तर विसर्ग कर, आकडे असतील तर हात लावू नको. म्हणजे ‘दुःख’ सुधारते, आणि ‘१०:३०’ किंवा ‘२:१’ सुरक्षित राहते. अडते ते शब्दाच्या शेवटी. ‘स्वत:’, ‘विशेषत:’, ‘अंशत:’ या सर्वांच्या शेवटी ‘त’ आहे, म्हणून ‘त’नंतरचे ठिपके म्हणजे विसर्ग असा नियम केला, आणि मामांच्या पत्रकात प्रत्येक ठिकाणी ‘किंमत:’चे ‘किंमतः’ झाले. खाली ‘सवलतः’ हेही. या वेळी मात्र ते पान मी कोणाला दिसण्यापूर्वी पाहिले होते. नियम काढून टाकला आणि विसर्गाच्या शब्दांची यादी हाताने करायला घेतली. सध्या ती एकेचाळीस शब्दांवर आली आहे. आणखी कोणाला सुचतील त्यांनी वाचनालयाशेजारच्या पेटीत चिठ्ठी टाकावी.